दोन पल्स समोरासमोर आल्या आणि दोन्ही गायब. कोडमध्ये चूक आहे की खरंच असं होतं?

निवांत
नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतोय, विषय जरा किचकट आहे पण इथे विज्ञानवाले बरेच आहेत म्हणून धीर केला. एमएस्सीच्या प्रोजेक्टला फिट्झह्यू-नागुमो मॉडेल (नर्व्हमधून जाणाऱ्या इम्पल्सचं साधं गणित) घेतलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दोरीसारखं एक लांब माध्यम धरा, प्रत्येक बिंदूवर दोन आकडे, यू आणि व्ही. यू झटकन पेटते आणि डिफ्युजनने, म्हणजे आजूबाजूला पसरून, शेजाऱ्याला पेटवते, व्ही मागून सावकाश चढते आणि यू ला विझवते. यू च्या समीकरणात डिफ्युजन अधिक यू × (१ − यू) × (यू − ०.१) वजा व्ही, आणि व्ही च्या समीकरणात ०.००३ × (यू − व्ही). दोरी ४०० लांब, ग्रिड ०.५ चं, टाइम स्टेप ०.०५. एका टोकाला टोचलं की एक मस्त पल्स निघते, आकार न बदलता, वेग न बदलता चालत राहते, इथपर्यंत सगळं छान.

मग दोन्ही टोकांना एकदम टोचलं. मला वाटलं पाण्यातल्या लाटांसारख्या एकमेकींतून आरपार जातील. तर मधोमध भिडल्या, क्षणभर एक रुंद ढेकूळ झालं आणि मग काहीच नाही, सगळी दोरी सपाट. टाइम स्टेप दहापट कमी केली, ग्रिड बारीक केलं, तरी तेच. मग एनर्जी गेली कुठे? गाईड सरांना दाखवायच्या आधी खात्री करून घ्यायचीये, दोन आठवडे झाले एकाच ग्राफपाशी बसलोय.

रानवाट
तुझी समीकरणं मला कळली नाहीत पण तू जे लिहिलंयस ते मी दर उन्हाळ्यात डोळ्यांनी बघतो. आमचं गाव सह्याद्रीच्या कड्याखाली, फेब्रुवारी संपत आला की वणव्याचे दिवस सुरू, गवत वाळून पार खडखडीत झालेलं असतं. वणवा पुढे सरकतो तेव्हा तो सोबत काही घेऊन येत नाही रे. जळणाऱ्या गवताने शेजारचं तापतं आणि ते स्वतःच्या जिवावर जळतं. मागे राख. आता डोंगराच्या दोन बाजूंनी वणवा चढला आणि माथ्यावर भेटला तर एकदा मोठा भडका होतो आणि मग थंड, कारण ह्याच्यापुढे त्याची राख आणि त्याच्यापुढे ह्याची. आरपार जाणार कसा, जाळायला काही उरलंच नाही.

वनखातं जाळरेषा काढतं ती ह्याच हिशोबावर, पट्टा आधीच जाळून ठेवायचा म्हणजे वणवा आला की तिथे थांबतो. आणि मोठी आग वस्तीकडे येत असली तर जाणती माणसं वाऱ्याचा अंदाज घेऊन समोरून उलटी आग सोडतात, दोन आगी भिडवून विझवतात. हे मी स्वतः पाहिलंय, पण नवख्याने करायचं काम नाही, वारा फिरला की जीव जातो. पुढच्या पावसात गवत परत उगवतं, तोवर त्या पट्ट्यात कितीही काड्या टाका, वणवा लागत नाही.

उंबरा
निवांत, कोड बरोबर आहे, निर्धास्त सरांना दाखव. रानवाट यांनी निम्म्याहून जास्त सांगून टाकलंय, मी फक्त ते तुझ्या ग्राफवर बसवतो.

पल्सकडे तीन तुकड्यांत बघ. पुढचं तोंड, जिथे यू खालून वर उडी मारते. मधलं पोट, जिथे यू एकच्या आसपास टिकून असते आणि व्ही हळूहळू चढत असते. आणि मागची शेपूट, जिथे यू खाली पडलेली आहे पण व्ही अजून उतरायचीये. तोंडाला पुढे सरकायला समोर निवांत पडलेलं, विश्रांतीतलं माध्यम लागतं, तेच त्याचं गवत. शेपटीतल्या जागेला कितीही ढकललं तरी ती उडी मारत नाही, हाच रिफ्रॅक्टरी काळ, म्हणजे गवत अजून उगवलं नाही. तुझ्या आकड्यांसाठी तोंडाचा वेग हातानेही काढता येतो, व्ही शून्य आणि डिफ्युजन एक धरलं तर एक भागिले दोनचं वर्गमूळ गुणिले (१ − २ × ०.१), म्हणजे साधारण ०.५७. तुझ्या ग्राफवरचा वेग मोज, याच्या जवळपास थोडा कमी यायला हवा.

आता समोरासमोर. दोन तोंडं भिडतात तेव्हा मधे विश्रांतीतली जागाच संपते. दोन्ही पोटं जुळून जे रुंद ढेकूळ तुला दिसलं ते हेच. त्या ढेकळाला आता तोंड नाही, दोन्ही बाजूंना नुसत्या पाठी आहेत, म्हणजे पोट संपून शेपूट सुरू होते त्या कडा, आणि पाठी आपापल्या दिशेने चालत येऊन मधे भेटल्या की ढेकूळ संपलं. बाहेर दोन्हीकडे शेपट्या, तिकडून परत पेटायचा प्रश्नच नाही.

एनर्जीचं म्हणशील तर पाण्याची किंवा तारेवरची लाट एनर्जी वाहून नेते, म्हणून ती हरवली तर हिशोब द्यावा लागतो. ही पल्स काही वाहून नेत नाही. प्रत्येक बिंदू आपल्याजवळ साठवलेलं खर्च करतो आणि मग सावकाश परत भरून घेतो. एनर्जी वाटेत प्रत्येक ठिकाणी खर्च झालेलीच आहे, भिडल्यावर जाण्यासारखी काही शिल्लक नव्हती.

एक करून बघ. दोरी अर्धी कर, २०० ची, आणि उजव्या टोकाला नो-फ्लक्स भिंत ठेव, म्हणजे जिच्यातून काहीच पलीकडे जात नाही अशी. एकच पल्स सोड. ती भिंतीवर आपटून नाहीशी होईल, आणि तिचा ग्राफ तुझ्या मोठ्या दोरीच्या डाव्या अर्ध्याशी तंतोतंत जुळेल, कारण दोन सारख्या पल्स समोरासमोर येणं म्हणजे पल्सने आरशात जाणं. भिंतीवरून परत न येणारी लाट, हे एकदा बघितलं ना की पाण्याच्या लाटेची सवय डोक्यातून जाते.

निवांत
उंबरा दादा, आत्ता करून बघितलं. तंतोतंत जुळतंय, दोन ग्राफ एकावर एक ठेवले तर रेषा वेगळी दिसत नाही. वेग ०.५७ पेक्षा थोडा कमीच आला. रानवाट दादा, वणव्याचं उदाहरण रिपोर्टमध्ये वापरलं तर चालेल ना?

रानवाट
वापर की. त्यात काय विचारायचं.

चकोर
जरा थांबा, सगळ्या चालत्या लाटा अशा नसतात हेही सांगायला हवं नाहीतर मुलगा रिपोर्टमध्ये सरसकट लिहून टाकेल. १८३४ साली जॉन स्कॉट रसेलने एडिनबराजवळच्या कालव्यात पाण्याचा एकच उंचवटा बघितला आणि घोड्यावरून त्याचा पाठलाग केला, तो मैल-दोन मैल तसाच जात राहिला. तो सॉलिटॉन. दोन सॉलिटॉन भिडले तर आरपार जातात, फक्त जागा जराशी सरकते. दिसायला तीही एकटी पल्स आणि हीही एकटी पल्स.

आणि नर्व्हच्या बाबतीत तर कोपनहेगनच्या गटाने २०१४ मध्ये गांडुळाच्या नर्व्हमध्ये दोन इम्पल्स एकमेकांतून आरपार गेल्याचं छापलंय. मग हॉजकिन-हक्सलीचं, म्हणजे नर्व्ह इम्पल्सच्या नेहमीच्या समीकरणांचं, काय करायचं?

उंबरा
चकोर, मुद्दा रास्त आहे. कालव्यातला सॉलिटॉन टिकतो कारण पसरणं आणि चढणं एकमेकांना तोलतात आणि एनर्जी जवळजवळ वाया जात नाही. आपली पल्स टिकते कारण खर्च आणि भरती दोन्ही सतत चालू असतात. म्हणूनच सॉलिटॉन लहान-मोठे असू शकतात, उंच असेल तो जोरात पळतो. इथे मात्र माध्यम ठरलं की पल्स ठरली, हलकं टोच किंवा जोरात टोच, उंबरठा ओलांडला की तीच उंची आणि तोच वेग.

२०१४ च्या निकालाचं म्हणाल तर तो गट नर्व्हमधल्या इम्पल्सला पेशीच्या पातळ आवरणातली सॉलिटॉनसारखी लाट मानतो, त्यांची ती थिअरी २००५ पासूनची. त्या प्रयोगावर इतर प्रयोगवाल्यांनी जाहीर आक्षेप घेतलेत. मला स्वतःला तासाकींच्या बाजूने राहावंसं वाटतं, त्यांनी १९४९ मध्येच एका नर्व्ह फायबरमध्ये दोन इम्पल्सची टक्कर तपासली होती, आणि आज संशोधनात एखादा न्यूरॉन मेंदूच्या कुठल्या भागाकडे तार पाठवतो हे ओळखायला टक्कर चाचणीच वापरतात. दूरच्या टोकाला टोचून उलटा इम्पल्स पाठवायचा, आणि पेशीने स्वतः नुकताच सोडलेला इम्पल्स वाटेत त्याला भिडला तर उलटा पोचत नाही. पोचला नाही म्हणजे तार त्याच पेशीची. इम्पल्स आरपार जात असते तर ही चाचणी चाललीच नसती.

पिंपळपान
धागा वाचून राहवलं नाही. मी कोल्हापूरकडे कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, बेलुसोव्ह-झाबोटिन्स्की रिअ‍ॅक्शन दरवर्षी मुलांना दाखवते. निवांत, तुझ्या स्क्रीनवर जे दोरीत झालं ते बशीत डोळ्यांनी बघता येतं.

ब्रोमेट, मॅलोनिक अ‍ॅसिड, थोडं ब्रोमाइड, सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि फेरॉइन (लाल-निळा रंग दाखवणारं). पेट्री डिशमध्ये मिलिमीटरभर थर ओतायचा. आधी सगळं लालसर असतं, मग कुठेतरी निळा ठिपका येतो, तो पसरून रिंग होते, तिच्या आत परत लाल, त्यात परत निळा ठिपका, असं करत नेमबाजीच्या टार्गेटसारखी वर्तुळं तयार होतात. दर मिनिटाला काही मिलिमीटर असा वेग, त्यामुळे मुलांना वहीत उतरवायला वेळ मिळतो. दोन टार्गेटच्या रिंगा भिडल्या की भिडल्या जागी दोन्ही पुसल्या जातात, उरतं ते टोकदार चंद्रकोरींसारखं नक्षीकाम. पाण्यात दोन खडे टाकल्यावर वर्तुळं एकमेकांवरून जातात तसं अजिबात नाही. मी मुद्दाम शेजारी पाण्याची परात ठेवते आणि आधी खडे टाकायला लावते, मग बशी दाखवते. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पहिल्या वर्षी माझा प्रयोग सपशेल फसला होता, तासभर बशी लालच. नंतर कळलं डिशेस नळाच्या पाण्याने धुतल्या होत्या आणि क्लोराइडने ही रिअ‍ॅक्शन मरते. डिस्टिल्ड वॉटरनेच विसळायचं. आणि ब्रोमीनचा वास येतो तर खिडक्या उघड्या, चष्मा, ग्लोव्ह्ज, यात तडजोड नको.

बेलुसोव्हबद्दल सांगितल्याशिवाय मला हा विषय सोडवत नाही. मॉस्कोतला हा माणूस क्रेब्ज सायकलची (पेशीत ऊर्जा काढणाऱ्या रिअॅक्शनच्या साखळीची) टेस्ट ट्यूबमधली नक्कल करायला गेला आणि मिश्रण आपोआप रंग बदलत राहिलं, पुढे-मागे, पुढे-मागे. १९५१ मध्ये पेपर पाठवला तर असं होऊच शकत नाही म्हणून परत आला. शेवटी १९५९ मध्ये एका भलत्याच विषयाच्या संग्रहात छोटासा छापला. १९६१ पासून झाबोटिन्स्कीने ते काम उचललं, आणि झाइकिन-झाबोटिन्स्कींचा लाटांचा पेपर आला तो १९७० मध्ये. बेलुसोव्ह त्याच वर्षी गेले. १९८० चं लेनिन पारितोषिक त्यांना मरणोत्तर मिळालं. दर वर्षी वर्गात हे सांगताना माझा आवाज भरून येतो.

निवांत
मॅडम, आमच्या डिपार्टमेंटला फेरॉइन आहे का विचारतो उद्याच. एक शंका. बशीत दोन टार्गेट असतील तर दोन्ही कायम राहतात का? की एक दुसऱ्याला खातं?

पिंपळपान
खातं. नेहमी बघते, काही मिनिटांनी एखादं मोठं टार्गेट सगळी बशी व्यापतं आणि बाकीची आक्रसत जाऊन संपतात. जास्त वेगाने ठोके टाकणारं जिंकतं एवढं माहितीय, हिशोब कधी केला नाही.

उंबरा
हिशोब सोपा आहे आणि मला हा या सगळ्या विषयातला सगळ्यात देखणा भाग वाटतो म्हणून सविस्तर लिहितो.

डावीकडचा स्रोत दर ३० सेकंदांनी पल्स सोडतो, उजवीकडचा दर ४० सेकंदांनी, दोघांत अंतर २० मिलिमीटर, वेग मिनिटाला ६ मिलिमीटर म्हणजे सेकंदाला ०.१. दोघांनी पहिली पल्स एकदम सोडली तर टक्कर बरोबर मधे, १० मिलिमीटरवर. दुसरी जोडी? डावी ३० सेकंदांनी निघाली, उजवी ४० नी, म्हणजे डावीला १० सेकंदांची आघाडी मिळाली, त्यात ती १ मिलिमीटर चालली, आणि उरलेलं अंतर दोघींनी सारखं वाटून घेतलं. टक्कर अर्धा मिलिमीटर उजवीकडे सरकली. प्रत्येक टकरीला वेग गुणिले वेळेतला फरक भागिले दोन, एवढी ती हळू स्रोताच्या अंगावर सरकत जाते. १० मिलिमीटर जायला २० टकरी, दोन टकरींमध्ये सरासरी ३५ सेकंद, सुरुवातीचे १०० सेकंद धरून ८०० सेकंद, म्हणजे सव्वा तेरा मिनिटं. त्यानंतर डाव्याची लाट उजव्या स्रोतावरूनच जाते आणि तो स्वतः पेटायच्या आधी दरवेळी त्याला पेटवून रिफ्रॅक्टरी करून टाकते. तो मेलेला नसतो, त्याला फक्त संधी मिळत नाही.

यात जोरकस पल्स वगैरे काही नाही, दोन्ही अगदी सारख्या आहेत. फक्त वेळेचा फरक.

कॅथलॅबवाली
उंबरा, तुमचं ते संधी न मिळण्याचं वाक्य वाचून अंगावर काटा आला, कारण मी रोज हेच बघते. पुण्यात एका हॉस्पिटलात ईपी लॅबमध्ये (हृदयातल्या विजेच्या तपासण्या होतात तिथे) टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली. हृदयात पेसमेकरचं, म्हणजे ठोका सुरू करायचं, काम करू शकणाऱ्या जागा बऱ्याच असतात. वरच्या कप्प्यातला सायनस नोड मिनिटाला ६० ते १००, मधला एव्ही नोड ४० ते ६०, खालचे कप्पे म्हणजे व्हेंट्रिकल २० ते ४०. सगळ्यात वेगवान तो मालक, बाकीचे तुम्ही म्हणता तसे संधीची वाट बघत बसलेले. वरचा बंद पडला की खालचा काम हातात घेतो, माणूस जगतो त्यामुळे.

आणि टक्कर तर आमचं हत्यार आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पेशंटच्या व्हेंट्रिकलमध्ये मेलेल्या स्नायूचा डाग राहतो, त्या डागाभोवती एक लाट गोल गोल फिरायला लागते, स्वतःच्या शेपटीच्या मागे मागे, हा व्हीटी, म्हणजे व्हेंट्रिकलची धोकादायक भरधाव धडधड. आयसीडी (शरीरात बसवलेलं, गरज पडली तर शॉक देणारं मशीन) बसवलेला असेल तर मशीन लगेच शॉक देत नाही, आधी भराभर पेसिंग, म्हणजे विजेचे बारीक ठोके, देऊन बघतं. बऱ्याच ठिकाणी सेटिंग असं असतं की व्हीटीच्या सायकलच्या, म्हणजे लाटेच्या एका फेरीच्या, ८८ टक्के वेळाने ८ ठोके. पेशंटला बहुतेक वेळा कळतही नाही. शॉक बसलेला पेशंट मी पाहिलाय, छातीत घोड्याने लाथ मारल्यासारखं वाटलं म्हणतात, पुढे कित्येक महिने झोपायला घाबरतात. म्हणून हे ८ ठोके मला फार मोलाचे वाटतात.

मला नेहमी प्रश्न पडायचा की एकच ठोका का पुरत नाही, आठ कशाला. पेसिंगची तार एका टोकाला आणि डाग कुठेतरी दूर. तुमच्या सूत्राने आज उलगडलं असं वाटतंय, बरोबर आहे का सांगा?

उंबरा
ताई, अगदी बरोबर पकडलंत. आकडे टाकून बघू. व्हीटीची सायकल ३४० मिलिसेकंद, ८८ टक्के म्हणजे जवळपास ३००, फरक ४०. स्नायूत वेग सेकंदाला अर्धा मीटर धरू, म्हणजे मिलिसेकंदाला अर्धा मिलिमीटर. टक्कर दर ठोक्याला ०.५ × ४० ÷ २, म्हणजे १० मिलिमीटर सरकते. व्हीटीच्या वर्तुळातून बाहेर पडणाऱ्या लाटा तारेकडे येत असतात, पहिले पेसिंगचे ठोके त्यांना वाटेतच भिडून संपतात, पण प्रत्येक वेळी सेंटिमीटरभर पुढे. आठ ठोक्यांत आठेक सेंटिमीटर, म्हणजे हृदयाच्या मापाचंच अंतर आलं. खऱ्या हृदयात स्नायूच्या धाग्यांची दिशा, डाग, सगळं आडवं येतं पण अंदाज या मापाचा असतो.

आणि वर्तुळात घुसल्यावरची गंमत वेगळी. घुसलेली पल्स दोन फांद्यांत फुटते. एक फिरत्या लाटेच्या समोरून जाते, ती तिला भिडून दोघी खल्लास. दुसरी तिच्याच दिशेने, तिच्या शेपटीमागून जाते. ही शेपटीत अडकून मेली तर वर्तुळ रिकामं, व्हीटी थांबला. पण शेपूट तोवर सावरली असेल तर ही निघून जाते आणि जुन्या लाटेच्या जागी नवी फिरायला लागते, वर्तुळ चालूच, फक्त वेळ सरकली. म्हणून नुसतं घुसणं पुरत नाही, शेपटीच्या नेमक्या टप्प्यात घुसावं लागतं. चेन्नईच्या आयएमएससी या गणित संस्थेतल्या सीताभ्र सिन्हांनी सहकाऱ्यांबरोबर यावर काम केलंय, माध्यम सगळीकडे सारखं नसलं की पेसिंगने वर्तुळ थांबणं कसं ठरतं यावर.

कॅथलॅबवाली
होय, आणि कधीकधी उलटं होऊन व्हीटी अजून वेगवान होतो किंवा फिब्रिलेशनमध्ये (स्नायूची नुसती थरथर) जातो, म्हणून शॉक चार्ज करून तयार ठेवतात. लॅबमध्ये ते दोन-चार सेकंद कुणी बोलत नाही.

चकोर
वर्तुळात एकच लाट फिरत राहणं हे मुळात सुरू कसं होतं? कुठेही टोचलं तर दोन निघतात, दोन्ही बाजूंना, आणि समोर भेटून मरतात.

उंबरा
हे सगळ्यात आधी जेलीफिशने दाखवलं. अल्फ्रेड मेयर, फ्लोरिडाजवळच्या टोर्टुगास बेटांवर, त्यांचं पुस्तक १९०६ चं. कॅसिओपिया नावाच्या जेलीफिशचे काठावरचे ठोका देणारे अवयव काढून टाकले, छत्रीचं कडं कापलं. एका जागी टोचलं तर तू म्हणतोस तेच, दोन लाटा निघाल्या, समोरच्या बाजूला भिडल्या, संपल्या. मग टोचायच्या जागेच्या एका बाजूला दाब देऊन तिकडची लाट अडवली, दुसरी सुटली, आणि ती फिरून यायच्या आत दाब काढला. समोरून यायला कुणी नाही, आपली शेपूट सावरलेली, मग ती दिवसच्या दिवस फिरत राहिली. जॉर्ज राल्फ माइन्सने १९१३-१४ मध्ये हेच हृदयाच्या स्नायूच्या कड्यांवर केलं आणि माणसाच्या काही अ‍ॅरिदमिया (ठोक्यांची बिघडलेली लय) याच असणार असं लिहिलं. १९१४ मध्येच तो गेला, ऐन तारुण्यात.

खऱ्या हृदयात दाब देणारं कुणी नसतं, ते काम शेपूट करते. एखादा अवेळी ठोका आधीच्या लाटेच्या शेपटीत नेमक्या वेळी पडला तर पुढच्या बाजूला शेपूट, तिकडे जाता येत नाही, मागच्या बाजूला सावरलेलं माध्यम, तिकडे सुटतो. एकाच बाजूला गेला. आधी पडला तर कुठेच नाही, उशिरा पडला तर दोन्हीकडे. मधली ती अरुंद खिडकीच धोक्याची. पसरट माध्यमात हेच झालं की लाटेला मोकळं टोक येतं आणि ते गुंडाळून स्पायरल होतं. विनफ्रीने १९७२ मध्ये मॅडमच्याच रिअ‍ॅक्शनमध्ये स्पायरल दाखवले.

पिंपळपान
हो, बशी जराशी तिरकी करून किंवा पिपेटने हलकी फुंकर मारून रिंग तोडली की दोन मोकळी टोकं आणि दोन स्पायरल, एक सुलट एक उलट. स्पायरल एकदा आला की टार्गेट टिकत नाहीत, आता कळलं का ते, स्पायरल जास्त भराभर ठोके टाकतो.

निवांत
इतकं सगळं एका रात्रीत मिळेल असं वाटलं नव्हतं. अजून एक. एकाच दिशेने चाललेल्या दोन पल्स एकमेकींना काही करतात का? मी मागोमाग दोन सोडल्या तर मागची हळू जातेय असं दिसतंय.

उंबरा
बरोबर दिसतंय. मागचीला पुढचीच्या शेपटीतून जावं लागतं, व्ही पूर्ण उतरलेली नाही म्हणून तिचं तोंड हळू. अंतर वाढलं की व्ही उतरते आणि ती पुरता वेग धरते. म्हणजे त्या एकमेकींना लांब ढकलतात, पण फक्त मागचीवर परिणाम, पुढचीला मागे कोण आहे हे कळतच नाही. हे ढकलणं अंतराबरोबर झपाट्याने विरतं, त्यामुळे शेवटचं थोडं अंतर वाढायला फार वेळ लागतो. वर्तुळात दोन-तीन पल्स सोडून रात्रभर कोड चालू ठेव, सकाळी सारख्या अंतरावर उभ्या दिसतील.

सगळीकडे असंच असतं असं नाही. काही माध्यमांत शेपूट सरळ उतरत नाही, वरखाली हेलकावे घेत शांत होते. तिथे मागची पल्स एखाद्या हेलकाव्यात अडकते आणि दोघी ठरावीक अंतर राखून जोडीने चालतात. आणि मॅडमच्या मिश्रणात मॅलोनिक अ‍ॅसिडऐवजी सायक्लोहेक्झेनडायोन घातलं तर मागची लाट जवळ आल्यावर उलट वेगवान होते आणि लाटा एकीमागे एक साचत जातात. स्टाइनबॉकच्या गटाने २००१ च्या सुमारास हे दाखवलं. बुडबुडेही येत नाहीत त्यात.

चकोर, तुझ्यासाठी. समोरासमोर येऊन न मरणाऱ्या पल्सही रिअ‍ॅक्शन-डिफ्युजनमध्ये आहेत. बर्लिनला एर्टलच्या गटाने १९९१ मध्ये प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड जळताना पल्स आरपार गेलेल्या पाहिल्या, एर्टलना २००७ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं ते पृष्ठभागावरच्या रिअ‍ॅक्शनसाठी. पेट्रोव्ह, स्कॉट, शोवॉल्टर यांनी १९९४ मध्ये एका गणिती मॉडेलमध्ये पल्स भिडून परत फिरताना दाखवल्या. गणितात बघितलं तर बऱ्याचदा असं असतं की भिडल्या जागी ढेकूळ पूर्ण विझत नाही, एक ठिणगी तगते, दोन्ही शेपट्या सावरेपर्यंत टिकते आणि मग तिच्यातून दोन नव्या पल्स निघतात. सॉलिटॉनसारखं दिसतं पण त्या जुन्याच पल्स असं म्हणायला मी तयार नाही.

चकोर
हे मान्य. ठिणगीचं चित्र पटलं.

निवांत
चार दिवसांनी धागा वर आणतोय. कॅथलॅबवाली ताईंचा प्रश्न कोडमध्ये करून बघितला. एक वर्तुळ, त्याला जोडलेली एक लांब दोरी, वर्तुळात एक पल्स फिरत ठेवली, तिच्या पल्स दर फेरीला दोरीतून बाहेर येतात. दोरीच्या दुसऱ्या टोकाला ८८ टक्के सायकलने टोचत राहिलो. उंबरा दादांच्या सूत्राने आधी कागदावर काढलं होतं, पाचवी पल्स वर्तुळात घुसायला हवी. घुसली सहावी. दोनदा तपासलं. सहावी घुसली, एक फांदी फिरतीला भिडली, दुसरी शेपटीत मेली, आणि सगळं सपाट. रात्रीचे अडीच वाजले होते, एकट्याने टाळ्या वाजवल्या.

पण पाचवी का नाही?

उंबरा
वा! सूत्रात मी दोन्ही बाजूंचा वेग एकच धरला होता. तुझ्या पेसिंगच्या पल्स जास्त जवळजवळ आहेत, प्रत्येक जण पुढचीच्या शेपटीतून चाललीय, म्हणून त्या थोड्या हळू. तूच विचारलेला प्रश्न. दोन वेगळे वेग घेतलेस तर सरकण्याचं अंतर म्हणजे दोन्ही वेगांचा गुणाकार, भागिले बेरीज, गुणिले वेळेतला फरक. शिवाय पहिली टक्करही थोडी अलीकडेच होते. दोन्ही बाजूंच्या पल्सच्या रांगांचा वेग ग्राफवरून मोजून टाक.

निवांत
टाकला. सहावी येतेय.

कॅथलॅबवाली
निवांत, तो व्हिडिओ मला पाठवशील का? उद्या लॅबमध्ये नवीन मुली ट्रेनिंगला येतायत, पहिले ठोके वाया का जातात हे मला त्यांना याच्यावरून दाखवायचंय.